पावणेचार ओळींचा मारिओ

प्रश्न : दिवाळीच्या आवराआवरीत माहेरच्या माळ्यावर माझा आणि दादाचा लहानपणचा व्हिडिओ गेम सापडला. '९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट, दोन रिमोट आणि ती प्लास्टिकची बंदूक, सगळं जागच्या जागी. नाशिकला आणून तो आमच्या ४३ इंची फुल एचडी टीव्हीला जोडला. चालू झाला, पण मारिओ बघून जीव हिरमुसला. अंगभर पायऱ्या, कडा कातरलेल्या, रंग भडक. बंदुकीने तर एकही बदक पडेना. माझा आठवीतला मुलगा म्हणाला, "आई, तुमच्या वेळचे ग्राफिक्स असेच होते. तुला ते उगाच चांगले आठवतायत." वर त्याचा हट्ट आहे, की गेम खेळायचे तर आता फोर-के टीव्हीच हवा. आमचा सोफा टीव्हीपासून दहा फुटांवर आहे, तो मात्र खाली चटईवर चार फुटांवर बसतो. माझी आठवण खोटी आहे का? बंदूक बिघडली आहे का? आणि फोर-के घ्यावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची आठवण खरी आहे. लहानपणी तुम्ही पाहिलेला मारिओ आणि आता दिसलेला मारिओ ही दोन वेगळी चित्रं आहेत. गेमच्या डब्यातून निघणारा सिग्नल तोच आहे, पण त्याचं चित्र बनवणारं यंत्र बदललं आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची मुळं या एकाच गोष्टीत आहेत, म्हणून क्रमानेच जाऊ.

मारिओला पायऱ्या कुठून आल्या?

'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम १९८५ सालचा, निन्टेन्डो कंपनीच्या यंत्रासाठी केलेला. आपल्याकडे घरोघरी आले ते बहुतेक त्या यंत्राच्या नकला होत्या. त्याचं पूर्ण चित्र २५६ आडव्या आणि २४० उभ्या ठिपक्यांचं, म्हणजे एकूण ६१,४४० ठिपक्यांचं. आजच्या फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात. भागाकार केला तर बरोबर १३५ पट.

या तुटपुंज्या ठिपक्यांत छोट्या मारिओच्या वाट्याला येते १६ बाय १६ ची चौकट आणि अवघे तीन रंग. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्याला ही अडचण लगेच कळेल. सोळा ओळींत माणसाचा चेहरा, कपडे, हातपाय सगळं बसवायचं. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांनी सांगितलेलं आहे, की १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये हे पात्र पहिल्यांदा काढताना केस दाखवायला जागा नव्हती, म्हणून टोपी आली. तोंड काढण्याऐवजी मिशी काढली, म्हणजे नाकही उठून दिसलं. हलणारे हात कळावेत म्हणून अंगात डांगरी चढवली. आज जगभर ओळखला जाणारा तो चेहरा ठिपक्यांच्या टंचाईतून घडला आहे.

हे ठिपके तेव्हाच्या टीव्हीवर कसे उमटायचे ते पाहू. जुन्या डबा टीव्हीत पिक्चर ट्यूब असायची. ट्यूबच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनचा झोत येऊन काचेच्या आतल्या लेपावर आपटायचा आणि तिथे उजेड पडायचा. हा झोत ओळीने डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरायचा आणि आपल्याकडच्या टीव्हीत सेकंदाला ५० वेळा अख्खा पडदा झाडून काढायचा. तो पडेल तिथे मध्ये लख्ख आणि कडेला मंद होत जाणारा उजेड उमटायचा. शेजारच्या ठिपक्याचा मंद कडेचा उजेड त्यात मिसळायचा. त्यात भर म्हणजे गेमची वायर आपण अँटेनाच्या जागी खुपसत असू. त्या एकाच वायरीतून चित्र, रंग आणि आवाज एकत्र यायचे, त्यामुळे शेजारशेजारचे रंगही थोडे एकमेकांत उतरायचे. पाण्यात भिजलेल्या कागदावर जलरंगाचे दोन ठिपके जवळजवळ टेकवले तर त्यांच्या मधली रेघ जशी हरवते, तसं काहीसं ते व्हायचं. मारिओच्या खांद्याची पायरी तिथे गोल दिसायची.

नव्या टीव्हीत झोत नाही. तिथे ठिपक्यांची पक्की जाळी असते आणि प्रत्येक ठिपका चौकोनी, आपल्या हद्दीत राहणारा. हे स्वतः बघायचं असेल तर मोबाइलवर पांढरा पडदा आणा आणि बोट ओलं करून त्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्याच्या जागी लाल, हिरव्या, निळ्या कणांच्या रांगा दिसतात. एका कणाचा रंग दुसऱ्यात सांडत नाही. बघून झालं की थेंब लगेच पुसा.

आता जुनं चित्र या जाळीत बसवायचं. आपल्या जुन्या प्रसारणपद्धतीत एका फेरीत चित्राच्या २८८ ओळी असत. फुल एचडी पडद्यावर उभ्या १,०८० ओळी आहेत. भागाकार येतो ३.७५. म्हणजे जुन्या एका ओळीला नव्या पावणेचार ओळी द्यायच्या. पण पाऊण ओळ पडद्यावर पेटवता येत नाही. मग टीव्ही एकतर काही ओळी चार जाडीच्या आणि काही तीन जाडीच्या करतो, किंवा मधल्या ओळींत दोन्हीकडचे रंग कालवून अंदाजाने भरतो. पहिल्या पद्धतीत पायऱ्या येतात, दुसऱ्यात चित्र पिठूळ होतं. बरेचसे टीव्ही दोन्ही थोडंथोडं करतात आणि वर कडा उठून दिसाव्यात म्हणून त्या आणखी कोरतात. तुमच्या मारिओच्या कातरलेल्या कडा इथून आल्या.

शिवाय मारिओ वाढला आहे. चौदा इंची टीव्हीवर त्याच्या एका ओळीची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास आणि तो स्वतः जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा. ४३ इंची टीव्हीवर तीच ओळ जवळजवळ दोन मिलिमीटरची होते आणि मारिओ तीन सेंटिमीटरचा. छोट्या नक्षीचं कापड ताणून अडीचपट केलं तर विणीतली भोकं दिसणारच.

तेव्हाच्या चित्रकारांना ट्यूबचा हा स्वभाव चांगला ठाऊक होता आणि ते त्याचा उपयोग करून घेत. सेगा कंपनीच्या १९९१ च्या 'सॉनिक द हेजहॉग' या गेममधला धबधबा याचं सगळ्यात परिचित उदाहरण. मूळ चित्रात पाणी म्हणजे उभ्या पट्ट्या आहेत, एक पट्टी पाण्याची आणि एक मोकळी. त्या यंत्राला अर्धपारदर्शक रंग दाखवणं जमत नव्हतं. पण साध्या व्हिडिओ वायरीतून ट्यूबवर गेलं की पट्ट्या मिसळून जात आणि पाण्याआडचा डोंगर झिरपल्यासारखा दिसे. तोच गेम आज स्वच्छ पडद्यावर लावला तर धबधब्याच्या जागी गज दिसतात. चित्र पूर्ण करण्याचं निम्मं काम चित्रकाराने ट्यूबवर सोपवलेलं होतं, आणि ती ट्यूब आता घरात नाही.

तुमच्या टीव्हीवर हे थोडं सुधारता येईल. रिमोटवरून चित्राचा आकार ४:३ करा. तुमचा मारिओ बहुधा आडवा फुगलेलाही असेल, तो मूळ बांध्यावर येईल. शार्पनेस अगदी खाली आणा आणि पिक्चर मोडमध्ये 'गेम' निवडा. पायऱ्या पूर्ण जाणार नाहीत, पण कडांचा काच कमी होईल.

बंदूक का चालत नाही?

बंदूक बहुधा धडधाकट आहे. ती काहीच सोडत नाही, ती बघते. तिच्या नळीत एक भिंग आणि उजेड ओळखणारा छोटा सेन्सर असतो. १९८४ च्या 'डक हंट'मध्ये तुम्ही चाप ओढलात की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो. पुढच्या क्षणी बदक असेल तेवढ्याच जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदकं असतील तर आधी एकाचा चौकोन, मग दुसऱ्याचा. उजेड कितव्या वेळी दिसला यावरून कोणतं बदक पडलं ते गेमला कळतं. आधीचा काळा पडदा एवढ्यासाठी, की कुणी नळी दिव्याकडे धरून फसवू नये. हा सगळा व्यवहार इतक्या झटकन उरकायचा की डोळ्याला फक्त एक झपका जाणवायचा.

यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : गेमने चौकोन पाठवला की तो त्याच क्षणी पडद्यावर उमटतो. ट्यूबमध्ये ते खरं होतं, कारण मध्ये कुणी थांबवणारं नव्हतं. आलेला सिग्नल सरळ झोत हलवायचा. नवा टीव्ही मात्र आलेलं चित्र आधी साठवतो, त्या पावणेचार ओळींचा हिशेब करतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. यात सेकंदाचा काही शतांश भाग जातो. तोवर गेमने विचारून टाकलेलं असतं, "उजेड दिसला?" बंदूक सांगते, "नाही." बदक उडून जातं. शिवाय या बंदुकीचा सेन्सर ट्यूबच्या झोताच्या लुकलुकीलाच जुळवलेला असतो. नव्या पडद्याचा उजेड स्थिर असतो, तो तिला उजेड म्हणून कळतच नाही.

या उशिराला 'इनपुट लॅग' म्हणतात. मारिओची उडी तुम्हाला किंचित उशिरा लागल्यासारखी वाटली असेल तर तोही हाच लॅग. टीव्हीतला 'गेम मोड' चित्र सजवण्याची बरीचशी कामं बाजूला ठेवून हा उशीर कमी करतो. नवीन टीव्ही घेताना मुलाच्या दृष्टीने ही सोय ठिपक्यांच्या संख्येइतकीच महत्त्वाची आहे.

फोर-के घ्यावा का?

याचं उत्तर दुकानात मिळणार नाही, ते तुमच्या हॉलमध्ये आहे. त्यासाठी मोजपट्टी लागेल.

हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्यांनी १८६२ मध्ये नजर तपासण्याचा अक्षरांचा तक्ता तयार केला. डोळ्यांच्या दवाखान्यात आपण '६/६' ऐकतो ती त्याचीच मोजणी. सहा मीटरवरून तक्त्यातली ६/६ ची ओळ वाचता येणं म्हणजे त्या अक्षरातल्या रेघेची जाडी ओळखता येणं, आणि ती जाडी डोळ्यापाशी एका अंशाच्या साठाव्या भागाचा कोन करते. आपल्या पंचांगात या मापाला 'कला' म्हणतात. एक कला हा साध्या, निरोगी नजरेचा कस. एक मिलिमीटरचा ठिपका साधारण सव्वाअकरा फुटांवर गेला की एक कलेएवढा होतो. त्याहून लांबून असे शेजारशेजारचे ठिपके वेगळे ओळखता येत नाहीत.

आता तुमचा हॉल. ४३ इंची टीव्हीची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर. फुल एचडीत तीत १,९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तो साडेपाच फुटांपलीकडे नजरेतून निसटतो. तुम्ही बसता दहा फुटांवर. तिथून तुमच्या नजरेचा कस जवळजवळ ०.९ मिलिमीटर आहे. म्हणजे आत्ताच्या टीव्हीतलेही सगळे ठिपके तुमच्यापर्यंत वेगवेगळे पोचत नाहीत. फोर-केचा पाव मिलिमीटरचा ठिपका तिथून दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

तुमचा मुलगा चार फुटांवर बसतो. तिथे नजरेचा कस ०.३५ मिलिमीटरवर येतो. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका त्याला दिसतो, पाव मिलिमीटरचा नाही. म्हणजे चटईवरून बघणाऱ्याला फोर-केचा फरक खरंच दिसेल. तुम्ही दोघंही बरोबर आहात, फक्त तुमच्यात सहा फुटांचं अंतर आहे.

इतर वाचकांनी घरच्यासाठी सोपा ठोकताळा लक्षात ठेवावा. टीव्हीच्या कर्णाची लांबी घ्या. तिच्या दीडपटीहून लांब बसत असाल तर फुल एचडीचे ठिपके साध्या नजरेला संपलेले असतात. पाऊणपट ते दीडपट या टप्प्यात बसत असाल तर फोर-केचा पैसा वसूल होतो. एट-के हवा असेल तर पाऊणपटीहूनही जवळ सरकावं लागेल, म्हणजे ४३ इंची टीव्हीसमोर पावणेतीन फुटांच्या आत. थिएटरचा अनुभव याला धरूनच आहे. अनेक मल्टिप्लेक्समधले प्रोजेक्टर टू-के असतात, २,०४८ बाय १,०८०, तुमच्या घरच्या टीव्हीपेक्षा फार जास्त नाहीत. तरी मागच्या रांगांतून कुणी तक्रार करत नाही, कारण तिथून अंतर पुरेसं असतं.

गेमच्या बाबतीत मुलाच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. दोन ठिपके वेगळे ओळखण्याचा कस एक कला असला, तरी सरळ रेघेत पडलेला खळगा डोळा त्याच्याही कितीतरी पट बारीक असला तरी टिपतो. सिनेमातल्या छायाचित्रात कडा मुळातच मऊ असतात. गेममधली तिरकी तार, कुंपण, तलवारीचं पातं ही गणिताने काढलेली असतात, म्हणून तिथे पायऱ्या उमटतात आणि पात्र चाललं की त्या सरपटताना दिसतात. ठिपके वाढले की हे सरपटणं कमी होतं. पण ते कमी करण्याचे दुसरे मार्गही गेममध्ये असतात, आणि इथून पुढे टीव्हीपेक्षा गेमच्या यंत्राची ताकद महत्त्वाची ठरते.

सिनेमातला ठिपका आधीच चित्रित झालेला असतो. गेममधला दर क्षणी नव्याने हिशेब करून काढावा लागतो : उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, भिंत ओली आहे की कोरडी. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला सेकंदाचा साठावा भाग मिळतो. फुल एचडीत हा हिशेब सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा, फोर-केत जवळजवळ ५० कोटींचा. काम चौपट झालं, वेळ तेवढाच. म्हणून बरेच गेम कमी ठिपक्यांचं चित्र काढून ते हुशारीने मोठं करतात. २०१६ मधल्या प्लेस्टेशन फोर प्रोवर कित्येक गेम दर वेळी बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक घरं काढून उरलेली आधीच्या चित्रावरून भरत. एनव्हिडियाने २०१८ मध्ये 'डीएलएसएस' आणि एएमडीने २०२१ मध्ये 'एफएसआर' ही तंत्रं याच कामासाठी आणली. त्यांच्या वेगवान सेटिंगमध्ये फोर-के म्हणून दिसणारं चित्र आत मुळात फुल एचडीत काढलेलं असतं. तुमच्या जुन्या मारिओवर टीव्हीने जे आडमुठेपणाने केलं, तेच इथे विचारपूर्वक केलं जातं, आणि ते चांगलं दिसतं.

म्हणूनच अनेक गेममध्ये मुलाला दोन पर्याय दिसतील, एक 'क्वालिटी' आणि दुसरा 'परफॉर्मन्स'. पहिल्यात बारकावा जास्त, चित्रं बऱ्याचदा सेकंदाला ३०. दुसऱ्यात बारकावा थोडा कमी, चित्रं ६०. त्याला दुसरा लावून बघायला सांगा. हलत्या चित्रात डोळा ठिपके मोजत नाही, तो हालचालीच्या मागे धावतो. ३० चित्रांत प्रत्येक चित्र दुप्पट वेळ अडून राहतं आणि धावणारा डोळा त्याला फरफटवतो, म्हणून चित्र पुसट होतं. ६० मध्ये ही फरफट निम्मी होते आणि बटण दाबल्याचा परिणामही लवकर दिसतो.

माझा सल्ला असा. आत्ताचा टीव्ही नीट चालत असेल तर केवळ ठिपक्यांसाठी तो बदलू नका. बदलायची वेळ आलीच तर या मापाचे बहुतेक नवे टीव्ही फोर-केच असतात, तेव्हा तो प्रश्न आपोआप सुटेल. मग दुकानात बाकीच्या गोष्टी बघा : लॅग कमी करणारा गेम मोड आहे का, पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो की १२०, उजेडाच्या खोलीत चित्र उजळ दिसतं का, काळा रंग काळा दिसतो की राखाडी. हे गुण दहा फुटांवरच्या सोफ्यापर्यंतही पोचतात.

मुलाला आणखी एक दाखवा. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा गेम आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने केला. भावाला शोधायला निघालेल्या राजी या मुलीची ती गोष्ट आहे. त्यातल्या वास्तूंवर राजस्थानी महालांचा आणि रंगांवर पहाडी लघुचित्रांचा ठसा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये तो सगळ्यात आधी निन्टेन्डो स्विचवर आला, आणि त्या यंत्राचा स्वतःचा पडदा होता जेमतेम १,२८० बाय ७२०. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पहिल्या प्रयत्नातल्या उत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. लघुचित्र काढणाऱ्याला तळहाताएवढा कागद पुरत असे, मियामोतोंना सोळा ओळी पुरल्या. आपल्याजवळ किती जागा आहे आणि बघणारा कुठून बघणार आहे, हे ज्याला नेमकं कळलं त्याचं चित्र टिकलं.

शेवटी एक विनंती. दादाकडे जुना डबा टीव्ही अजून असेल आणि तो चालत असेल, तर एखाद्या रविवारी गेम तिकडे घेऊन जा. फक्त तो डबा उघडू नका, बंद केल्यावरही ट्यूबमध्ये मोठा विद्युतभार साठून राहतो. वायर अँटेनाच्या जागी लावा, चॅनेल जुळवा आणि मुलाला आठ फुटांवर बसवा. मारिओचे खांदे त्याला गोल दिसतील. मग बंदूक त्याच्या हातात द्या. बदक पडेल.